चाळीस हजार क्लॅम्पचं शेड्यूल: भोसरीतल्या एका व्हेंडरचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतला गाड्यांचे पार्ट बनवणारा एक कारखाना. मालक दोन भाऊ, २०१८ साली कामगार ३४. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि आकडे थोडे मागेपुढे केले आहेत. त्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे. थोरल्या भावाला इथे दादा म्हणतो, कारण कारखान्यात सगळे तेच म्हणतात. धाकटा तो धाकटा. वडील म्हणजे अण्णा, त्यांनी हा कारखाना एका जुन्या लेथवर उभा केला. मी ऑगस्ट २०१९ पासून त्यांच्या खर्चाचे हिशेब पाहतो, म्हणजे गोष्ट बिघडल्यावर आलेला माणूस. त्याआधीचं जे इथे आहे ते कागदांवरून आणि तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं त्यावरून.

पार्श्वभूमी

आपल्याकडे गाड्या बनायला लागून बरीच वर्षं झाली, पण ‘देशी गाडी’ हा प्रकार त्या मानाने नवा. कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने पद्मिनी बनवली, तिचा मूळ आराखडा फियाटचा. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मागे सुझुकी होती. गाडी इथे बनायची, पण ड्रॉइंग बाहेरून यायचं. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इंडिका मांडली आणि २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली, तेव्हा हे चित्र बदललं.

ड्रॉइंग कुठून येतं याला पुण्या-नाशकाच्या व्हेंडरच्या लेखी फार महत्त्व आहे. ड्रॉइंग परदेशातून आलं की त्यात एक रेडियस बदलायचा म्हटलं तरी सहा महिने जातात. ते पिंपरीत किंवा नाशकात काढलेलं असेल तर फिक्सचरची, म्हणजे पार्ट मशीनवर धरून ठेवणाऱ्या पकडीची, अडचण सांगायला माणूस स्कूटर काढून जाऊ शकतो. अण्णा तसे गेलेले आहेत. त्यांच्या बोलण्यात आजही त्या गाड्या ‘आपल्या’ असतात. हा शब्द पुढे या प्रकरणात महागात पडणार आहे, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

कारखाना थेट गाडी कंपनीला माल देत नव्हता. मधे एक मोठा व्हेंडर होता, ज्याला टियर-वन म्हणतात. हे दोघे त्याच्या खालचे, टियर-टू. २०१२-१३ मध्ये या टियर-वनकडून त्यांना एका देशी गाडीच्या चार सिलिंडरच्या छोट्या डिझेल इंजिनाचे तीन पार्ट मिळाले: इंजेक्टर क्लॅम्प, टर्बोच्या ऑइल ड्रेनचा फ्लँज (तेल परत नेणाऱ्या नळीच्या जोडाची चकती) आणि कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, ब्रॅकेट.

क्लॅम्प हातात घेतला तर बोटभर लांबीचं, दोन पाय फुटलेलं, काळसर पोलादी चिमट्यासारखं काहीतरी दिसतं. ते डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला सिलिंडर हेडवर दाबून धरतं. फोर्जिंगचा ब्लँक, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा तुकडा, विकत घ्यायचा, त्याचे दोन्ही पाय एका पातळीत मिल करायचे, बोल्टचं भोक पाडायचं, वॉशर बसतो तिथे गोलाकार खळगा काढायचा, बर (कडेला उरलेली धारदार कूस) काढून, धुऊन, तेल लावून निळ्या क्रेटमध्ये ठेवायचा. काम सोपं दिसतं. पण दोन पायांत केसभर फरक राहिला तर इंजेक्टरवर दाब तिरका पडतो आणि जळलेला वायू वर गळायला लागतो. म्हणून शंभर टक्के तपासणी. गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साधनावर, बसून क्लॅम्प तपासणाऱ्या तिघी बायका डोळे मिटून, नुसत्या ‘टक’ आवाजावरून खराब पीस बाजूला काढायच्या, असं दादा अभिमानाने सांगतात.

एका इंजिनाला चार क्लॅम्प. महिन्याला दहा हजार इंजिनं म्हणजे चाळीस हजार क्लॅम्प, दर ३८ रुपये. फ्लँज दहा हजार, दर ८५. ब्रॅकेट दहा हजार, दर ६३. तिन्ही मिळून महिन्याला तीस लाख. कारखान्याची वर्षाची उलाढाल सहा कोटी होती, त्यातले तीन कोटी साठ लाख या एका इंजिनातून येत. साठ टक्के. ही टक्केवारी मी काढली तेव्हा दादांनी ती पहिल्यांदा ऐकली. अंदाज त्यांना होताच, पण आकडा म्हणून तो कोणी कधी मांडला नव्हता.

अडचण

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की गाड्यांच्या धुराच्या नियमांत तेव्हाच्या बीएस-४ वरून बीएस-५ वगळून देश थेट बीएस-६ वर जाईल, १ एप्रिल २०२० पासून. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेनंतर बीएस-४ गाडी विकायलाही मनाई केली. म्हणजे ही काही अचानक कोसळलेली आपत्ती नव्हती. चार वर्षं आधीची तारीख होती आणि ती सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली होती.

त्या तारखेचा क्लॅम्पशी काय संबंध, हे मात्र कोणी उलगडून सांगितलं नव्हतं. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणि कणांची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर येणार होती. ते साधायला धुराच्या नळीत कण अडवणारा फिल्टर हवा, नायट्रोजन ऑक्साइड जिरवणारी वेगळी यंत्रणा हवी, सेन्सर हवेत. हा खर्च इंजिन लहान म्हणून लहान होत नाही. पंधरा-वीस लाखांच्या एसयूव्हीत तो मुरतो, सहा-सात लाखांच्या छोट्या गाडीत मुरत नाही. त्यातच ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले होते आणि पेट्रोल-डिझेलमधलं अंतर कमी होत आलं होतं. छोटी डिझेल गाडी घेण्याचं कारणच विरघळत चाललं होतं. पेट्रोल इंजिन आणलं की त्यात हा क्लॅम्प नाही, टर्बो नसेल तर फ्लँज नाही, तशी रेलही नाही. विजेच्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको.

आता कारखान्यात काय चाललं होतं ते पाहू. २०१७ च्या अखेरीस टियर-वनच्या खरेदी विभागाने कळवलं की इंजिनाची मागणी वाढतेय, क्लॅम्पची तयारी महिन्याला साठ हजारांची ठेवा. या भावांकडे तेव्हा क्लॅम्पसाठी दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन, होती. एका मशीनवर तासाला पन्नास पीस निघत, दोन पाळ्यांत महिन्याला चारशे तास. दोन मशीन म्हणजे बरोबर चाळीस हजार. साठ हजारांसाठी तिसरं लागणार. फ्लँज आणि ब्रॅकेट वाढणार म्हणून चौथं.

धाकट्याचं म्हणणं होतं, एकच घेऊ, वरचं काम शेजारच्या शेडमध्ये जॉब वर्कला देऊ. दादांना ते पटलं नाही. बाहेर दिलं की क्वालिटी जाते, ग्राहकाच्या लाइनवर माल नाकारला गेला की त्याने बिलातून कापलेली रक्कम, म्हणजे डेबिट नोट, महिन्याचा नफा खाऊन टाकते. हा मुद्दा खोटा नव्हता. शिवाय मशीनवाला दोन घेतल्यास सूट देत होता, बँक तयार होती, आणि टियर-वनच्या साहेबांनी फोनवर ‘तयारीला लागा’ म्हटलं होतं. २०१८ च्या जूनमध्ये प्रत्येकी २८ लाखांची दोन मशीन आली, प्रत्येकी २१ लाख बँकेचे, सात लाख घरचे. पूजा झाली. अण्णांनी तेव्हा म्हटलेलं वाक्य धाकट्याने मला दोनदा सांगितलं: “मशीन घेताना पेढे वाटतात, विकताना कुणाला सांगत नाहीत.”

साठ हजारांचं शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती माल हवा तो टियर-वनचा आकडा, एकाही महिन्यात आलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये बिगरबँक वित्त कंपन्यांची रोकड आटली, गाड्यांना मिळणारी कर्जं मंदावली, दिवाळी कोरडी गेली. एप्रिल २०१९ मध्ये देशातल्या सर्वात मोठ्या कार कंपनीने, मारुती सुझुकीने, पुढच्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी धाकट्याने बातमी दादांना वाचून दाखवली. दादा म्हणाले, “आपली कंपनी तसं नाही करणार. त्यांचं सगळं डिझेलवर उभं राहिलंय.” जून २०१९ चं शेड्यूल अठरा हजारांचं आलं.

हिशेब

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी आम्ही बसलो. गुरुवारी भोसरीत औद्योगिक सुट्टी असते, त्यामुळे शेड शांत होतं. मी एकच कोष्टक मांडलं, आणि खरं तर या सगळ्या प्रकरणाचा गाभा तेवढाच आहे.

क्लॅम्पचे ३८ रुपये, त्यात ब्लँकचे २४. उरले १४. धुणं, तेल, पॅकिंग, वाहतूक, तपासणी यांचे तीन गेले. मशीनने कमावले ११. तासाला पन्नास पीस, म्हणजे मशीनची कमाई तासाला ५५० रुपये.

आता खर्च. हप्ता, ऑपरेटरचे पगार, शेडचा वाटा असं मिळून एका मशीनचा ठरलेला खर्च महिन्याला सरासरी एक लाख वीस हजार. ते चाललं काय, थांबलं काय, हा द्यायचाच. वर वीज, टूल, कूलंट मिळून चालत्या तासाला १२०. मशीन चारशे तास चाललं तर तासाला ३०० अधिक १२०, म्हणजे ४२०. कमाई ५५०. तासाला १३० सुटतात, धंदा छान.

अठरा हजार क्लॅम्प म्हणजे ३६० तास. ते तीन मशीनवर वाटले तर प्रत्येकी १२०. एक लाख वीस हजार भागिले १२०, म्हणजे हजार रुपये, वर १२०. खर्च ११२०, कमाई तीच ५५०. प्रत्येक तासाला ५७० रुपये खिशातून.

दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग विचारलं, “मग तिन्ही कशाला चालवतोय?” उत्तर साधं होतं: ऑपरेटर बसून राहिलेले बरे दिसत नाहीत म्हणून काम तिघांत वाटलं जात होतं. सगळी मशीन गुणगुणत होती आणि पाहणाऱ्याला कारखाना चालू वाटत होता. ३६० तासांचं काम एकाच मशीनवर बसत होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय टियर-वननेच पुढे केला. देशी कंपन्या मोठ्या एसयूव्हीत डिझेल ठेवणार होत्या, त्या बीएस-६ इंजिनाचा क्लॅम्प घ्या. मात्र दर बारा टक्के कमी, फिक्सचर आणि गेज स्वतःच्या खर्चाने, सॅम्पल मंजुरीची सगळी कागदपत्रं नव्याने, आणि मागणी जुन्याच्या एक तृतीयांश. दादांचा कल इकडेच होता. माझं मत होतं की हे काम घ्यावं, पण तारणहार म्हणून नव्हे.

दुसरा पर्याय विजेच्या गाड्या. २०१९ च्या उत्तरार्धात सगळीकडे तीच चर्चा होती. धाकटा दोन प्रदर्शनांना जाऊन आला. मोटरच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचं काम मोठं होतं, पण त्याला आडव्या स्पिंडलचं मशीन, गळती चाचणीची व्यवस्था आणि एक-दीड कोटीची गुंतवणूक लागणार. ते बाद. बॅटरी मॉड्यूलच्या अ‍ॅल्युमिनियम एंड प्लेट मात्र हातातल्या व्हीएमसीवर निघू शकत होत्या. फक्त संख्या हास्यास्पद होती: महिन्याला दीडशे-दोनशे. हे काम पोटापाण्याचं नव्हतं, हात बसवण्याचं होतं.

तिसरा पर्याय अण्णांनी सुचवला आणि तो सुचायला एवढा वेळ का लागला हे मला आजही कळत नाही. ट्रॅक्टर. कार डिझेलपासून दूर चालली होती, ट्रॅक्टर कुठेच चालला नव्हता. इंजेक्टर तिथेही दाबून धरावा लागतो. मोजमापं वेगळी, संख्या लहान, मॉडेलं अनेक, म्हणजे सेटिंग बदलण्यात वेळ जाणार. पण दर बरे होते आणि मॉडेल वर्षानुवर्षं बदलत नाही. अडचण एकच: दादांना ते काम उतरल्यासारखं वाटत होतं. कारचे पार्ट करणारा कारखाना ट्रॅक्टरकडे वळतो म्हणजे एक पायरी खाली येतो, अशी भोसरीत एक न बोललेली प्रतवारी आहे.

चौथा पर्याय शेड भाड्याने देऊन थांबण्याचा. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, पोटभाडेकरू ठेवायला परवानगी आणि शुल्क लागतं. आकडेमोड केली, दोन कुटुंबांचं भागलं असतं. अण्णांनी ती फाइल उघडूच दिली नाही.

काय केलं

सप्टेंबरपासून क्लॅम्पचं काम एका मशीनवर आणलं. दुसरं ट्रॅक्टरच्या सॅम्पलसाठी मोकळं केलं. एसयूव्हीचा क्लॅम्प घेतला, दरातली घट बारावरून आठ टक्क्यांवर आणली आणि गेजचा खर्च टियर-वनच्या माथी टाकला. हे जमलं कारण धाकट्याने यावेळी मशीन-तासाचा कागद सोबत नेला होता. समोरच्या इंजिनिअरलाही असा कागद आवडतो. त्याला वरच्याला दाखवायला काहीतरी हवंच असतं.

मग आला नोव्हेंबर, आणि या प्रकरणातला सर्वात फसवा महिना. अठरा हजारांवर रुतलेलं शेड्यूल अचानक पस्तीस हजार झालं, डिसेंबरचंही तेवढंच दिसत होतं. शेडमध्ये वातावरण बदललं. दादा म्हणाले, मंदी संपली. प्रत्यक्षात बीएस-४ गाड्यांचं शेवटचं उत्पादन उरकलं जात होतं. दिवा विझताना मोठा होतो, तसं.

दादांना साठ हजार ब्लँक मागवायचे होते, फोर्जिंगवाला मोठ्या लॉटला दर कमी करत होता. आम्ही टियर-वनला मेल लिहिला: या पार्टचं शेवटचं उत्पादन कोणत्या महिन्यात, एकूण किती, आणि उरलेल्या ब्लँकची जबाबदारी कोणाची? उत्तर एका ओळीचं आलं: शेड्यूलप्रमाणे पुरवठा चालू ठेवावा. हे उत्तर वाचून दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. दादांच्या मते त्याचा अर्थ ‘चालू ठेवा’. धाकट्याच्या मते त्यात तिन्ही प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं, आणि तेच खरं उत्तर होतं. शेवटी चाळीस हजार ब्लँक मागवले. जानेवारीच्या वीस तारखेला शेड्यूल शून्य झालं. चौदा हजार ब्लँक शिल्लक, तीन लाख छत्तीस हजारांचे. साठ हजार मागवले असते तर शिल्लक चौतीस हजार राहिली असती.

फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या दोन मशीनपैकी एक विकलं, पंधरा लाखांना. बँकेचं त्या मशीनचं देणं जवळपास तेवढंच उरलं होतं, ते फिटलं. घरचे सात लाख गेले. महिन्याभराने, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली. तोवर थांबलो असतो तर त्या मशीनकडे वर्षभर कोणी फिरकलं नसतं. हा निव्वळ नशिबाचा भाग आहे. शहाणपणाच्या खात्यात तो मांडू नये.

टाळेबंदीत पाच ऑपरेटर गावी गेले, दोघे परतले नाहीत. मे महिन्यात सरकारने हमी दिलेली तातडीची कर्जयोजना आली, २९ फेब्रुवारीच्या थकबाकीच्या वीस टक्के. या लोकांची थकबाकी साठ लाख, म्हणून बारा मिळाले. विरोधाभास असा, की मशीन विकून आदल्याच आठवड्यात कर्ज कमी केल्याने ही रक्कमही कमी झाली. बारा लाखांत पगार आणि फोर्जिंगवाल्याची उधारी भागली.

काय निष्पन्न झालं

ट्रॅक्टरने तारलं. शहरं बंद होती तेव्हा शेती चालू होती. २०२०-२१ हे ट्रॅक्टर विक्रीचं विक्रमी वर्ष ठरलं. कारखान्याची उलाढाल त्या वर्षी दोन कोटी सत्तर लाखांवर घसरली होती, त्यातला निम्मा वाटा ट्रॅक्टरचा. २०२३-२४ मध्ये उलाढाल चार कोटी नव्वद लाखांपर्यंत आली. म्हणजे जुना आकडा आजही गाठलेला नाही. कामगार सत्तावीस. पण एका ग्राहकाचा वाटा पस्तीस टक्क्यांच्या वर नाही, आणि मशीन-तासाचा कागद दर महिन्याच्या तीन तारखेला दादांच्या टेबलावर असतो. एंड प्लेटचं काम दोनशेवरून हळूहळू काही हजारांवर गेलं.

गेजवर बसणाऱ्या तिघींपैकी एकच उरली आहे. ताळेबंदात हे दिसत नाही.

पैसे वेळेवर मिळण्याची बाजू थोडी सुधारली. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेत हा कायदा २००६ चा. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, त्यासाठी नेमलेल्या सरकारी परिषदेकडे दादही मागता येते. ते या लोकांनी कधी केलं नाही, कारण ज्याच्याकडून शेड्यूल येतं त्याच्यावर दावा कोण लावणार? २०२३-२४ पासून मात्र आयकर कायद्यातल्या ४३ब(एच) कलमाने असं बंधन घातलं की सूक्ष्म आणि लघुउद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्या मार्चमध्ये टियर-वनच्या अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला: तुमचा उद्यम नंबर (लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) पाठवा. दादांनी मला लगेच कळवलं, जणू लॉटरी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

मशीन घेण्याचा निर्णय मी पूर्ण चुकीचा म्हणणार नाही. २०१७ च्या अखेरीस बाजार खरंच चढता होता. चूक कागदाची होती. दोन मशीन घेतली ती फोनवरच्या ‘तयारीला लागा’वर. ज्या पार्टला सव्वादोन वर्षांवर कायद्याने भिंत उभी आहे, त्यासाठी पाच वर्षांच्या हप्त्याचं मशीन घेताना एवढं तरी विचारायला हवं होतं की भिंतीपलीकडे हा पार्ट आहे का. धाकट्याचा एक मशीन आणि जॉब वर्क हा मार्ग घेतला असता तर साधारण सात लाख आणि पुष्कळ झोप वाचली असती. दादांची क्वालिटीची भीतीही खरी होती. त्यावर उपाय होता, आपलाच गेज आणि आपलीच बाई शेजारच्या शेडमध्ये बसवायची. हे त्यावेळी कोणी बोललं नाही, कारण वाद ‘एक की दोन’ यातच अडकला होता.

एका चुकीत माझाही हात आहे. ते चौदा हजार ब्लँक जून २०२१ मध्ये भंगारात काढायला मीच सांगितलं. जेमतेम पावणेतीन टन लोखंड, आले सत्तर हजार. तेव्हा रोकड हवी होती, पिंपं पावसात गंजत होती, निर्णय स्वच्छ वाटला. सव्वा वर्षाने त्याच क्लॅम्पचं सुट्या भागांसाठी शेड्यूल आलं, महिन्याला बाराशे. रस्त्यावर लाखो जुनी इंजिनं आहेत आणि मेकॅनिक इंजेक्टर काढताना क्लॅम्प बदलतो, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नाही. तोपर्यंत पोलाद महागलं होतं. चोवीसचा ब्लँक एकतीसला घ्यावा लागला. किमान पाच हजार तेल लावून, झाकून ठेवायला हवे होते. दादा हे बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या टेबलावर त्या जुन्या लॉटमधला एक ब्लँक कागदांवर वजन म्हणून ठेवलेला असतो, तेवढंच.

आणि ‘आपली कंपनी’. गाडी कंपनीने यात कोणाला फसवलं नाही; छोटं डिझेल बंद करणं हा तिचा हिशेबी निर्णय होता, आणि तिच्या जागी कोणीही तोच घेतला असता. पण टियर-टूचा माणूस तिथल्या कोणाला ओळखत नसतो. त्याला बातमी सगळ्यांच्या शेवटी कळते, वर्तमानपत्रातून. आपलेपणाची भावना त्या अंतरावर पांघरूण घालत होती. एप्रिल २०१९ मध्ये दादांनी बातमी ऐकून ‘आपली’ हा शब्द उच्चारला नसता, तर ट्रॅक्टरचं काम चार-पाच महिने आधी सुरू झालं असतं.

सध्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि भोसरीतले फोन पुन्हा वाजू लागले. दिवाळीनंतर टियर-वनचा नवा इंजिनिअर आला, वयाने धाकट्याच्या मुलाएवढा. पेट्रोल इंजिनाचा एक ब्रॅकेट आणि एंड प्लेट, दोन्हींची संख्या वाढणार, तुम्ही दोन मशीन वाढवाल का, असं विचारत होता. दादांनी चहा मागवला आणि ड्रॉवरमधून एक कागद काढला. त्यावर दोनच ओळी: अठरा महिने दरमहा किमान एवढी संख्या उचलावी, कमी उचलल्यास मोकळ्या मशीन-तासाचे तीनशे रुपये द्यावेत.

“असं कोणी देत नाही, काका,” तो म्हणाला.

“मग एकच मशीन,” दादा म्हणाले.

जाताना त्याने मोबाइलवर कागदाचा फोटो काढून घेतला, साहेबांना दाखवतो म्हणाला. अजून उत्तर नाही. दोन मशीनचं कोटेशन धाकट्याच्या फाइलमध्ये आहे, त्याची मुदत महिनाअखेर संपते.